सरांची शेवटची ज्युनियर

उमरग्याच्या स्टँडवर हैदराबादकडून येणारी पुण्याची गाडी लागली, तेव्हा अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि खिडकीतून एका सीटवर टाकला. आमच्याकडं जागा अशीच धरतात. निम्मी गाडी रिकामी होती, तरी त्यांना राहवलं नाही. मुरुमच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि ऐन आठवडी बाजाराच्या दिवशी ते बंद ठेवून मला सोडायला आले होते. अव्वा, म्हणजे माझी आई, आली नव्हती. घरून निघताना ती एकदा रडली होती, पुन्हा लोकांसमोर नको म्हणून उंबऱ्यातूनच मागं फिरली. अप्पा खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "लई लांब चाललीस गं. वकिली करायला सोलापूर पुरत न्हाय का?" मी हसले. गाडी हलली आणि टॉवेल माझ्याकडंच राहिला. नळदुर्गला ढाब्यावर गाडी चहासाठी थांबली, सगळे उतरले, तेव्हा तो तोंडावर धरून मी मनसोक्त रडून घेतलं.

त्याला सोळा वर्षं झाली. हे लिहितेय ते माझ्यासारखं बॅगा भरून निघालेल्यांसाठी आणि तिथंच राहिलेल्यांसाठी. खरं तर राहिलेल्यांसाठी जास्त, कारण या वर्षी मी त्यांच्यातलं एक माणूस उचलून इकडं आणलं आणि ते मला अजून पचलेलं नाही.

वकिली मी शिकले ती उमरग्यात, सरांच्या ऑफिसात. तालुक्यात त्यांना सगळे थोरले वकील म्हणत. ऑफिस म्हणजे कोर्टाच्या मागच्या गल्लीतली पत्र्याची एक लांब खोली. लाल कापडात बांधलेल्या फायली, दोन टेबलं, पक्षकारांसाठी एक बाक, आणि एप्रिल-मेमध्ये अशी भट्टी की कार्बन पेपर बोटांना चिकटायचा. कॉलेजातून मी कलमं पाठ करून आले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. सरांनी पहिले सहा महिने मला कोर्टात तोंडच उघडू दिलं नाही. जुनी फाईल घ्यायची, पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत वाचायची आणि काय कधी घडलं ते ओळीनं लिहून काढायचं, एवढंच काम. एकदा मी जमिनीच्या दाव्यात सातबारा बघून बसल्याजागी चतुःसीमा लिहिल्या, म्हणजे पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण वगैरे. सरांनी कागद वाचला आणि परत दिला. "हितली विहीर कुठं गेली?" मला विहीर माहीतच नव्हती. दुसऱ्या दिवशी उन्हातान्हात चालत जाऊन मी विहीर बघून आले, बांधावर भांडणाऱ्या दोन भावांच्या मधे उभी राहून. परत आल्यावर सरांनी स्वतः उठून माठातलं पाणी दिलं, तेवढीच शाबासकी.

आणखी एक रीत होती त्यांची. केसबद्दल कुणीही प्रश्न विचारला, अगदी बाकावरच्या म्हाताऱ्या पक्षकारानं जरी विचारला, तरी ज्युनियरनं उभं राहून उत्तर द्यायचं. कोर्टात उभं राहून बोलतो तसंच ऑफिसात. सर म्हणायचे, "बसून माणूस अंदाजपंचे बोलतो. उभा ऱ्हायला की इचार करतो." आम्ही दिवसातून पन्नास वेळा उठबस करायचो. पक्षकारांना गंमत वाटायची. एक आजी तर मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारायच्या आणि पदराआड हसायच्या.

पुण्याला जाते म्हणून सांगायला गेले, तेव्हा सर चष्मा पुसत बसले होते. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "ये म्हणून बोलवलं नव्हतं तुला, जाऊ नको म्हणून अडवणार पण न्हाय." मग माझ्या हातातल्या सगळ्या फायली मागून घेतल्या आणि प्रत्येकीवर पुढं काय करायचंय ते माझ्याकडून लिहवून घेतलं. दोन दिवस गेले त्यात. स्टँडवर ते आले नाहीत. त्या दिवशी कोर्टात माझ्या वाटणीच्या केसा तेच चालवत होते.

पुण्यातल्या पहिल्या इंटरव्ह्यूला मी काचेच्या खोलीत बसले होते आणि पहिला प्रश्न आला तशी ताडकन उठले. समोरचे गृहस्थ दचकले. "प्लीज बसा, हे कोर्ट नाही," असं म्हणाले आणि त्यांच्या शेजारची बाई खाली बघून हसली. ती नोकरी मला मिळाली नाही. पुढच्या वेळी मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले.

आता त्या काचेच्या खोलीत पलीकडच्या बाजूला मी बसते. फर्म मोठी आहे. जमिनीचं टायटल, म्हणजे मालकी निर्वेध आहे का ते, तपासायचं काम माझ्याकडं आहे, आणि गेली सात वर्षं नव्या वकिलांची भरती आणि त्यांची तयारीसुद्धा. दर वर्षी मार्चमध्ये सीव्हींचा ढीग येतो. प्रत्येकात कॉलेजातल्या लुटुपुटीच्या खटल्यांची, मूट कोर्टची बक्षिसं, चार-पाच इंटर्नशिप, परदेशातला एखादा ऑनलाइन कोर्स. मुलं हुशार आहेत, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलतात. वकीलपत्र कसं भरतात ते मात्र त्यांना ठाऊक नसतं, आणि समोर रडणारा माणूस बसला की ती लॅपटॉपकडं बघतात. मग जूनपासून सहा आठवडे मी त्यांना शिकवते. ड्राफ्ट कसा लिहायचा, कोर्टात कुठं थांबायचं, क्लायंटचा मेल आल्यावर किती वेळात उत्तर द्यायचं. दोन वर्षांत त्यातली निम्मी दुसऱ्या फर्ममध्ये जातात आणि मार्चमध्ये पुन्हा ढीग येतो. मी थकले आहे, हे सरळ सांगून टाकते. तेच प्रश्न विचारून माझा मलाच कंटाळा येतो. अव्वा रोज फोनवर विचारते, "ऊटा आयता?" जेवलीस का. मी हो म्हणते आणि डबा तसाच बंद असतो.

या मार्चमध्ये यादीत एक नाव उमरग्याचं होतं. भाग्यश्री. मुरुमजवळच्या एका गावातल्या शेतकरी घरातली, जिल्ह्याच्या ठिकाणी लॉ केलेली, दोन वर्षांचा अनुभव. अनुभवाच्या रकान्यात सरांचं नाव होतं. मला आश्चर्य वाटलं. दर दिवाळीला आणि गुरुपौर्णिमेला मी सरांना फोन करते, त्यांनी कधी एका शब्दानं तिचा उल्लेख केला नव्हता.

इंटरव्ह्यू व्हिडिओवर होता. आमच्या बाजूला आमचे मोठे पार्टनर, एचआरची एक मुलगी आणि मी. स्क्रीनवर काळा कोट घातलेली, तेल लावून घट्ट वेणी घातलेली मुलगी, मागं पत्र्याची भिंत. ती भिंत मी ओळखली. पार्टनरनी पहिला प्रश्न विचारला आणि ती उठून उभी राहिली. स्क्रीनवर उरली फक्त कोटाची दोन बटणं. आवाज वरून कुठून तरी येत होता. एचआरच्या मुलीनं माइक बंद करून तोंडावर हात धरला. उत्तर संपलं, मुलगी खाली बसली, पुन्हा चेहरा दिसला. दुसरा प्रश्न, पुन्हा बटणं. पार्टनर म्हणाले, "भाग्यश्री, तुम्ही बसून बोला." ती "हो सर" म्हणाली आणि "हो सर" म्हणायलाच उभी राहिली. मी हसले नाही.

मग त्यांनी तो नेहमीचा प्रश्न विचारला, पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता. ती पुन्हा उभी राहिली. "सांगता येत न्हाय सर. पाच वर्षांत आमच्याकडं केसा पण संपत न्हाईत." पार्टनर मोकळेपणानं हसले. मी विचारलं, "रोज काय काम करता?"

"सकाळी सरांना त्या दिवशीच्या फायली वाचून दाखवते मॅडम. त्यांना आता दिसत न्हाय ना. मग कोर्टात त्यांच्या मागं उभी ऱ्हाते. समोरनं कागद आला की काय लिहिलंय ते कानात सांगते. बोलतात मात्र सरच."

"कधीपासून?"

"मी आले तवापासून असंच हाय, मॅडम."

दोन वर्षं. चार-पाच वेळा मी फोनवर "तब्येत कशी आहे" विचारलं होतं आणि त्यांनी "ठणठणीत" म्हणून सांगितलं होतं. मी ते मानलं, कारण मानणं सोपं होतं. पुढं दोघांनी काय विचारलं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी सरांना फोन लावला.

"भाग्यश्रीचा इंटरव्ह्यू झाला, सर."

"मग? बोलली का नीट?"

"सर, तुमचे डोळे..."

"सांगितलं व्हय तिनं? सांगू नको म्हटलं होतं. काचबिंदू हाय. डावा गेला, उजवा चाललाय त्याच वाटंनं."

"मग तिला कशाला पाठवलंत? तुम्हाला कोण वाचून दाखवणार?"

त्यांचा आवाज चढला. "पोरीचं वय बघायचं का माझे डोळे? पंचवीस वर्षांची हाय ती. हितं ऱ्हायली तर माझ्या मागं उभं राहून म्हातारी हुईल. कामाची वाटती का न्हाय, तेवढं सांग."

"वाटते."

"मग घे. माझी दया करून तिचं वाटोळं करू नको."

मी त्या जिन्यात बराच वेळ थांबले. तिला नको म्हटलं असतं तर सगळं किती सोपं होतं. कारणसुद्धा आयतं होतं. तिला कॅमेऱ्यासमोर बसता येत नव्हतं, पार्टनरनी शेऱ्यात "प्रेझेन्स नाही" असं लिहूनही टाकलं होतं. मी नुसती गप्प बसले असते तर सरांचे डोळे सरांजवळ राहिले असते. आणि एक गोष्ट मला बोचत होती. सरांच्या ऑफिसातून गेल्या काही वर्षांत दोन मुलं मीच इकडं आणली होती. पार्टनर कौतुकानं म्हणायचे, तुमच्या उमरग्याला खाण आहे. खाण रिकामी होते, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

निवडीच्या मीटिंगमध्ये मी तिचा लेखी परीक्षेचा पेपर पुढं केला. जमीन खरेदीचा एक व्यवहार देऊन मत लिहायला सांगितलं होतं. बाकी सगळ्यांनी इंग्रजीत चार-चार पानं लिहून टायटल स्वच्छ असल्याचं सांगितलं होतं. तिनं शेवटी दोन ओळी लिहिल्या होत्या. विकणाऱ्याच्या बहिणींच्या सह्या कुठं दिसत नाहीत, त्याला बहिणी आहेत की नाहीत ते गावात जाऊन विचारावं लागेल. मी म्हणाले, बाकीच्यांच्या भरवशावर आपण हा व्यवहार केला असता तर पुढची दहा वर्षं कोर्टात काढली असती. इंग्रजी आणि कॅमेरा मी शिकवीन, हे मात्र मला सहा आठवड्यांत शिकवता येत नाही. पार्टनर माझ्याकडं बघत राहिले. बोलता बोलता मी खुर्चीवरून उठले होते, हे मला तेव्हा कळलं.

जूनमध्ये भाग्यश्री आली. कोथरूडला पीजीत राहते. कॉफीच्या मशीनला पहिल्या दिवशी घाबरली, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना काढून द्यायला लागली, तेव्हा तिला एकीकडं घेऊन सांगितलं की इथं ज्याची त्यानं घ्यायची. प्रश्न विचारला की बसूनच उत्तर द्यायचं, हेही मीच शिकवलं. महिनाभरात तिला जमलं. मीटिंगमध्ये ती आता टेबलावर हात ठेवून सावकाश बोलते, आणि मला अभिमान वाटायच्या ठिकाणी कसंसंच होतं. दुपारी ती खिडकीपाशी जाऊन सरांना फोन करते. काय वाचलं, कुणी वाचलं, औषध घातलं का. मी ऐकत नसल्याचं दाखवते.

जूनच्या अखेरीस सरांचा मला फोन आला. त्यांनी आपणहून केलेला बहुधा पहिलाच. "ऑफिस आवरलं. फायली वाटून दिल्या सगळ्या. एक उरलीय, ती कुणी घेत न्हाय. भाऊ गावात वजनदार, त्याच्याशी वाकडं नको सगळ्यांना. तू बघतीस का?"

मी कामाचं निमित्त सांगणार होते. शब्द तोंडात आले होते. पण "ठणठणीत" ऐकून सोडून दिलेली ती दोन वर्षं आठवली आणि मी कागद पाठवायला सांगितले.

केस एका पन्नाशीच्या बाईची होती, कलावतीबाईंची. वडिलांच्या जमिनीत वाटणी मागणारा दावा. भावाचं म्हणणं, बहिणीनं राजीखुशीनं हक्कसोडपत्र करून दिलंय, सगळा वाटा सोडलाय. बाईंचं म्हणणं, पीकविम्याचा कागद आहे म्हणून माझी सही घेतली. सरांनी शिकवलं होतं तसं मी पहिल्या कागदापासून वाचत गेले आणि हक्कसोडपत्राशी येऊन थांबले.

असा एक कागद माझ्याही नावानं आहे. अप्पा गेल्यावर वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मी तो करून दिला. मुरुमचं घर, दुकान, सगळं भावाच्या नावानं. मला कुणी फसवलं नाही. मी वकील, दुसऱ्यांच्या बहिणींच्या सह्या शोधून काढण्याचा पगार घेते, आणि भावानं कागद पुढं केला तेव्हा मी वाचलासुद्धा नाही. वहिनीनं शेंगापोळ्या केल्या होत्या, अव्वा दारात बसली होती, आणि भांडून माहेर तुटलं तर जायचं कुठं, एवढंच मनात होतं. सगळ्याच बहिणींच्या मनात तेच असतं. त्या सहीवर माझं माहेर टिकलं, पण तिथं गेले की मी पाहुणी असते, बॅग कुठं ठेवू म्हणून विचारते. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. कलावतीबाईंचा कागद वाचताना मला त्यांचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग त्या बाईचा हेवा वाटला. निदान त्या भांडत होत्या.

जुलैत मी रजा टाकून उमरग्याला गेले. कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये सर भिंतीला टेकून बसले होते, पांढरा शर्ट, कोट घडी करून मांडीवर. पायांच्या आवाजावरून त्यांनी मान वळवली. "आलीस?" मी वाकून नमस्कार केला, त्यांनी हातानं माझं डोकं चाचपलं. शेजारी कलावतीबाई उभ्या होत्या, हातात पिशवी. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि सरांना विचारलं, "पुण्याच्या हायती का ह्या? येतेल का तारखंला परत?" सर म्हणाले, "तिलाच इचार." बाईंनी मला विचारलं नाही.

पुकारा झाला. वकील बदलायला सरांनी ना-हरकत दिलेली होतीच, मी माझं वकीलपत्र दाखल केलं. त्या दिवशी भावाचा उलटतपास घ्यायचा होता आणि मी रात्रंदिवस तयारी करून आले होते. पण भाऊ आलाच नव्हता. त्याच्या वकिलांनी आजारपणाचा अर्ज दिला आणि लांबची तारीख मागितली. न्यायाधीश तरुण होते, सभ्य होते. त्यांनी बोर्डावरची, म्हणजे त्या दिवशीच्या केसांची, गर्दी पाहिली, माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, तुम्ही पुण्याहून येणार. तुम्हालाही लांबचीच सोयीची पडेल. दिवाळीनंतरची देऊ?"

सोयीची तर होतीच. गेल्या सोळा वर्षांत मी या गावाला लांबच्याच तारखा दिल्या होत्या. दिवाळीला येते, उन्हाळ्यात बघू, या वर्षी जमत नाही. अव्वाला दिल्या, सरांना दिल्या. मागं कलावतीबाईंच्या पिशवीचा आवाज थांबला होता. त्या ऐकत होत्या, हे न बघताही मला कळत होतं.

"नाही साहेब," मी म्हणाले. "जवळची द्या."

त्यांनी डायरी चाळून पंधरा दिवसांनंतरची दिली. त्या दिवशी पुण्यात माझ्या तीन मीटिंगा होत्या. मी तारीख लिहून घेतली. ज्या मुलखात आता माझ्या नावावर वीतभर जागा उरलेली नाही, तिथलं मला माझं असं ही तारीख, एवढंच मिळालं, आणि घर म्हणून मला ते पुरेसं वाटलं.

बाहेर आले तेव्हा सर पायरीपाशी थांबले होते. कलावतीबाईंनी त्यांना आधीच तारीख सांगितली होती. त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"आदल्या दिवशीच ये," ते म्हणाले. "मला वाचून दाखव."